लेस्टरचा मोर्चा आणि पुण्याची झडती

गाईच्या देवीची लस टोचली असता माणसाला देवीचा रोग होत नाही, हा सिद्धांत एडवर्ड जेन्नरने १७९८ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडला, आणि त्यानंतर दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच बव्हेरियाच्या राज्याने १८०७ साली ती लस प्रजेला सक्तीची केली. डेन्मार्कने १८१० साली व स्वीडनने १८१६ साली तोच मार्ग धरला. पण ज्या भूमीत हा शोध जन्मास आला त्या इंग्लंडात सरकारने पुढे कित्येक वर्षे याबाबत कायद्याला हात लावला नाही. तेथील सुशिक्षित वर्गाची अशी दृढ समजूत होती की, घराच्या उंबरठ्याच्या आत राजसत्तेने पाऊल टाकू नये, आणि पोटच्या मुलाच्या प्रकृतीची काळजी वाहण्याचा अधिकार बापाचा आहे, पार्लमेंटचा नव्हे.

लस मात्र कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती. व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी पाठविलेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या मार्गाने मजल दरमजल करीत मुंबई बंदराला पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचण्यात आली. तिला फोड उठला, त्या फोडातील लस इतर मुलांना टोचली गेली, आणि एका बालकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर अशा परंपरेने ती पुढे हिंदुस्थानभर पसरली. त्या काळी लस टिकविण्याचे अन्य खात्रीचे साधन नव्हते. एखाद्या गावी टोचून घेणारे नवे मूल मिळाले नाही, तर आठ-दहा दिवसांत त्या गावापुरती ती परंपरा खंडित होई व पुन्हा दूरवरून लस आणावी लागे. यामुळे एका मुलाचे आरोग्य दुसऱ्या मुलाच्या आईबापांच्या राजीखुशीवर अवलंबून राहिले, आणि ही गोष्ट पुढील साऱ्या कलहाच्या मुळाशी आहे.

इंग्लंडचा पहिला कायदा १८४० सालचा. त्याने दोन गोष्टी केल्या: गरिबांना लस फुकट टोचण्याची तजवीज केली, आणि खऱ्या देवीच्या फोडातील विष मुद्दाम टोचून सौम्य रोग आणण्याची जी जुनी पद्धत होती, ती गुन्हा ठरविली. या जुन्या पद्धतीने टोचलेला मनुष्य बहुधा बचावत असे, परंतु त्याच्यापासून शेजारपाजाऱ्यांना खरा रोग जडे. तेव्हा ही बंदी न्याय्यच होती. चूक झाली ती अंमलबजावणीची व्यवस्था लावण्यात. हे काम ज्यांच्याकडे सोपविले, ती गरीबखात्याची पालकमंडळे म्हणजे मोहताजखाने चालविणारी मंडळे होती, आणि मोहताजखान्याच्या दाराशी जाणे ही कष्टकरी इंग्रजाला मरणप्राय नामुष्की वाटे. फुकट लस घेणे म्हणजे भिकेचा तुकडा घेणे नव्हे, असा खुलासा दुसऱ्याच वर्षी पुरवणी कायद्याने करावा लागला. पण कायद्याने खुलासा केला म्हणून लोकांच्या मनातील किल्मिष गेले असे झाले नाही.

१८५३ साली लॉर्ड लिटल्टन यांच्या बिलाने सक्ती आली. मूल तीन महिन्यांचे होण्यापूर्वी त्याला लस टोचून दाखला न घेतल्यास बापाला एक पौंडापर्यंत दंड, असे त्याचे स्वरूप होते. आणि शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून ही रक्कम अधिक होती. कायदा झाला, पण तो चालविण्यास स्वतंत्र अंमलदार नेमला नाही. त्यामुळे प्रथम लोक धावले आणि पुढे पुन्हा ढिलाई आली. १८६७ च्या कायद्याने ही ढिलाई दूर करण्यासाठी मुलाचे वय चौदा वर्षांचे होईपर्यंत बापावर पुन्हा पुन्हा खटले भरण्याची सोय केली, आणि १८७१ साली प्रत्येक पालकमंडळाने लसीचा अंमलदार नेमलाच पाहिजे असा हुकूम झाला. जन्माची नोंद करणाऱ्या कारकुनाच्या वहीतून मुलांची नावे या अंमलदाराच्या दप्तरात येऊ लागली, आणि दाखला न आलेल्या नावापुढे नोटीस, नोटिशीनंतर समन्स, समन्सानंतर दंड, अशी ती रीत एकदाची बसली.

सरकारी लसीच्या ठिकाणी गेलेल्या आईला काय अनुभव येई, हे पाहिल्याखेरीज लोकांच्या क्षोभाचे मर्म कळणार नाही. ठरलेल्या वारी एखाद्या सार्वजनिक दालनात पाचपन्नास बायका तान्ही मुले घेऊन ताटकळत बसत. डॉक्टर नश्तराने मुलाच्या दंडावर निरनिराळ्या चार जागी ओरखडे काढून त्यांत लस भरी, कारण चार व्रण असावेत असा लोकल गव्हर्न्मेंट बोर्ड या सरकारी खात्याचा आग्रह असे. आठव्या दिवशी तेच मूल पुन्हा आणावे लागे. तोवर फोड टपोरा भरलेला असे, आणि तो फोडून त्यातील लस, त्या दिवशी नव्याने आलेल्या मुलांच्या हातांवर घालण्यासाठी, डॉक्टर काढून घेत. ज्या आईचे मूल आधीच तापाने किरकिरत आहे, तिला त्या सुजलेल्या दंडाला पुन्हा नश्तर लावू देणे जिवावर येई; आणि तिने नकार दिला तर १८७१ च्या कायद्याप्रमाणे तोही दंडास पात्र असा अपराध होता. शिवाय ज्या परक्या मुलाची लस आपल्या मुलाच्या रक्तात चालली आहे त्याला उपदंशासारखा एखादा रोग नसेल कशावरून, ही शंका तिला छळी. इटलीतील रिव्हाल्टा या गावी १८६१ साली याच मार्गाने कित्येक मुलांना उपदंश झाल्याचे प्रसिद्ध झालेले होते. ही भीती अडाणीपणाची होती असे म्हणून तिची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. संभव थोडा असला तरी धोका खरा होता, तो वैद्यांनाही माहीत होता, आणि वासरांवर वाढविलेली लस वापरून तो टाळता येतो हेही नेपल्सच्या अनुभवावरून समजलेले होते. पण ती सुधारणा सरसकट अमलात येण्यास इंग्लंडात शतक संपत आले.

याच सुमारास फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धानंतर युरोपभर देवीची भयंकर साथ उसळली. इंग्लंड व वेल्समध्ये १८७१-७२ या दोन वर्षांत बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे तिने नेली. लस टोचलेली माणसेही तिच्यात सापडली, कारण लहानपणी घेतलेल्या लसीचे बळ वयाबरोबर ओसरते आणि ती पुन्हा टोचून घ्यावी लागते, हे सत्य वैद्यांना उमगले असले तरी कायद्यात उतरले नव्हते. जर्मनीने मात्र १८७४ च्या कायद्यात बाराव्या वर्षी दुसऱ्यांदा लस सक्तीची करून हा धडा तत्काळ घेतला. इंग्लंडातील सामान्य माणसाने साथीवरून निराळाच निष्कर्ष काढला: ज्या गोष्टीसाठी सरकार आम्हांला कोर्टात खेचते, ती गोष्ट आमच्या मुलांना वाचवीत नाही. निष्कर्ष चुकीचा होता, पण तो काढण्यास सरकारनेच वाव दिला होता. यॉर्कशरमधील कीघली येथील पालकमंडळाच्या सभासदांनी तर खटले भरण्याचे उघड नाकारले, आणि १८७६ साली त्यांपैकी सातजणांना यॉर्कच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले.

या प्रतिकाराचे मुख्य ठाणे झाले लेस्टर. मोजे विणणारे आणि बूट शिवणारे यांचे हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे शहर. सत्तर-एकाहत्तरपर्यंत येथे बहुतेक मुलांना लस टोचली जात असे, आणि तरीही १८७१-७२ च्या साथीने येथील शेकडो घरे उजाड केली होती. १८६९ साली येथे लसीसाठी दोन खटले झाले. १८८१ साली एका वर्षातच ते १,१५४ झाले. दंड भरण्याची ऐपत असलेला व्यापारी दंड भरून मोकळा होई आणि त्याचे मूल लसीवाचून राही. विणकराकडे मात्र भरण्यास काहीच नसे, मग बेलीफ येऊन त्याच्या घरातील टेबल, घड्याळ, बिछाना असे जे हाताला लागेल ते जप्त करी, आणि त्याचा भर चौकात लिलाव पुकारला जाई. शेजारी लिलावाभोवती जमून बोली करणाऱ्यांची छीःथू करीत, कधी वर्गणी काढून वस्तू सोडवून ती मालकाला परत नेऊन देत. जप्त करण्याजोगे काही नसेल तर कैद होती, आणि मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत हाच फेरा पुन्हा पुन्हा फिरू शकत होता. एकाच अपराधाबद्दल एकाच माणसाला वारंवार शिक्षा करणे हे ज्या न्यायपद्धतीच्या मूळ तत्त्वाशी विसंगत, तिच्याच नावाने हे चालले होते.

२३ मार्च १८८५ रोजी लेस्टरच्या रस्त्यांवरून मोठा मोर्चा निघाला. इंग्लंडच्या पन्नासांहून अधिक गावांचे प्रतिनिधी त्यात आले होते, आणि काहींच्या अंदाजाप्रमाणे जमाव ऐंशी हजारांपासून एक लाखापर्यंत होता. निशाणे होती, बँड होते, तुरुंग भोगून आलेल्यांची मिरवणूक होती, लसीने दगावलेल्या मुलाच्या नावाची एक चिमुकली शवपेटी होती, आणि जेन्नरच्या पुतळ्याला फाशी देण्यात आली. ज्या गृहस्थाच्या एका शोधाने लक्षावधी मुलांचे प्राण वाचविले, त्याची अशी विटंबना झालेली वाचून मन विषण्ण होते. पण त्या जमावाला केवळ विज्ञानाचे शत्रू म्हणणे बरोबर नव्हे, कारण त्या शहराने लस नाकारून स्वस्थ बसण्याचे पत्करले नाही.

लेस्टरने १८७९ पासूनच सांसर्गिक रोगाची वर्दी नगरपालिकेला देणे डॉक्टर व घरमालक यांना बंधनकारक केले होते. देवीचा संशय येताच आरोग्याधिकाऱ्याचा माणूस त्याच दिवशी घरी जाई, रोग्याला शहराबाहेरच्या रुग्णालयात हलवी, घर व कपडे धुपवून घेई, आणि त्या घरातील निरोगी माणसांनाही ठरावीक मुदतीपर्यंत वेगळे ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवी. त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई नगरपालिका करीत असे. १८८६ च्या सुमारास पालकमंडळात सक्तीच्या विरोधकांचे बहुमत झाले आणि खटले थांबले. लवकरच टोचली जाणारी मुले शंभरांत पाचांच्याही खाली गेली. वैद्यांनी भाकीत केले होते की, पुढच्या साथीत लेस्टर स्मशान होईल. साथ १८९२-९३ साली आली, साडेतीनशेंच्या वर माणसांना रोग झाला, आणि २१ जण दगावले. भाकीत खोटे ठरले.

तथापि याच पानासमोर ग्लॉस्टरचे पान उघडून ठेवले पाहिजे. त्या शहरानेही लसीकडे पाठ फिरविली होती, पण लेस्टरने जी दक्षता उभारली ती त्याने उभारली नव्हती. रुग्णालय अपुरे होते आणि वर्दी उशिरा पोचे. १८९५-९६ च्या साथीत चाळीस हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात १,९७९ माणसांना देवी आल्या व ४३४ मेली, आणि बळींत लस न टोचलेल्या लहान मुलांचा भरणा फार मोठा होता. साथ अंगावर आली तेव्हा तेच शहर लसीसाठी रांगा लावून उभे राहिले. लेस्टरमध्येही रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना पुन्हा लस टोचून मगच कामावर घेण्याची खबरदारी घेतली जात असे, हे विरोधकांच्या भाषणांत येत नसले तरी विसरता कामा नये. १९०१ पासून तेथील आरोग्याधिकारी असलेले डॉ. किलिक मिलर्ड हे स्वतः लसीचे अभिमानी. पण अनुभवाअंती त्यांनीच १९१४ साली पुस्तक लिहून मान्य केले की, तान्ह्या मुलांवरील सक्तीपेक्षा रोग्याचा तत्काळ शोध आणि त्याच्या संपर्कातील माणसांना लस यांतच अधिक फळ आहे. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी हिंदुस्थानातून देवीचे उच्चाटन झाले ते घरोघर रोगी हुडकून काढून आणि त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचून, म्हणजे लेस्टरची दक्षता आणि जेन्नरची लस या दोहोंच्या संयोगाने.

सरकारने १८८९ साली लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले. सात वर्षे त्याचे काम चालले. १८७ साक्षीदार तपासले गेले. लेस्टरचेच प्रतिनिधी पिक्टन हे कमिशनचे एक सभासद होते व त्यांनी शेवटी भिन्न मत नोंदविले. बहुमताने लसीची उपयुक्तता निःसंदिग्धपणे मान्य केली, आणि त्याचबरोबर असे सांगितले की, वारंवार दंड करण्याची रीत बंद व्हावी व ज्याचा विरोध प्रामाणिक आहे त्याला सूट मिळावी. या शिफारशी १८९८ च्या ऑगस्टमध्ये कायद्यात उतरल्या. लस आपल्या मुलाला अपायकारक होईल अशी ज्याची मनापासून धारणा आहे, त्याने मॅजिस्ट्रेटांपुढे तसे सांगून दाखला घ्यावा, अशी सदसद्विवेकाची तरतूद इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा प्रथमच आली. उमरावांच्या सभागृहाने ती एकदा काढून टाकली आणि मग निरुपायाने स्वीकारली. माझ्या मते या कायद्याचे अधिक मोलाचे भाग मात्र दुसरेच आहेत: हातावरून हातावर लस नेण्याची रीत संपली, ग्लिसरिन घातलेली वासराची लस आली, आणि आईने मूल घेऊन डॉक्टरकडे जाण्याऐवजी डॉक्टरने घरी यावे असे ठरले. म्हणजे लोकांच्या ज्या तक्रारींत तथ्य होते त्या सरकारने दूर केल्या. त्या वर्षअखेर दोन लाखांहून अधिक सुटीचे दाखले दिले गेले, पण लोक एकाएकी लसीला पारखे झाले नाहीत.

याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते ते आता पाहू. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने मुलांना लस सक्तीची झाली, आणि सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीचे बिल सर सय्यद अहमद खान यांनी १८७९ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मांडले. १८८० साली संमत झालेल्या त्या कायद्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. तो आपोआप कोठेच लागू होत नसे. नगरपालिकेच्या सभासदांनी बहुमताने मागणी करावी, सरकारने जाहीरनामा काढावा, रहिवाशांनी सहा आठवड्यांत लेखी हरकती द्याव्यात, आणि मग निर्णय व्हावा, असा क्रम त्यात होता. घरोघर शितळादेवीला नवस बोलणाऱ्या आणि परजातीच्या मुलाची लस आपल्या मुलाला लावण्यास कचरणाऱ्या समाजाला बरोबर घेऊन चालावयाचे, तर गती मंदच राहणार, हे त्या बिलाच्या कर्त्याने ओळखले होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला, आणि ही मंद गती सरकारला असह्य झाली. २८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्यास साथीच्या रोगांचे बिल मांडले गेले व ४ फेब्रुवारीस ते कायदा झाले. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्याने सरकारला वाटतील ते उपाय योजण्याची मुभा दिली, हुकूम मोडणाऱ्याला पिनल कोडाखाली शिक्षा ठरविली, आणि या कायद्यान्वये सद्हेतूने काम करणाऱ्या अंमलदारावर फिर्याद चालणार नाही असे बजावले. येथे हरकतींची मुदत नव्हती आणि अपिलाची वाट नव्हती. याच कायद्याच्या बळावर पुण्यात प्लेगबंदोबस्ताचे प्रमुख रँडसाहेब यांच्या हुकमतीखाली गोऱ्या शिपायांच्या टोळ्या मार्चपासून मेपर्यंत घरे तपाशीत फिरल्या. देवघरात बूट घालून शिरले, बायकांना चारचौघांत उभे करून तपासले, सामान रस्त्यावर आणून जाळले, अशा तक्रारींनी शहर पेटले.

आणि हेही खरे की, रोग घरोघरी होता व माणसे पटापट मरत होती. सावित्रीबाई फुले हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. टिळक पुण्यात ठाण मांडून राहिले, त्यांनी हिंदूंसाठी इस्पितळ उभारले, आणि विलगीकरणाच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो शिपायांच्या रीतीला. विणकरांच्या लेस्टरला मतदानाने पालकमंडळ बदलता आले, त्यांचा प्रतिनिधी कमिशनवर बसला, त्यांच्या आरोग्यखात्याने बुडालेली मजुरी भरून दिली. पुणेकरांना फक्त अर्ज करता येत होता, आणि त्या अर्जांना केराची टोपली मिळाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. इंग्लंडात सदसद्विवेकाची तरतूद झाली ती साथीच्या रोगांच्या या कायद्यानंतर सुमारे दीड वर्षाने, आणि त्याच लंडन सरकारच्या अमलात.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत तपासणीपथक शिरले असता दंगल उसळली आणि माणसे मेली. त्यानंतर सरकारचा सूर हळूहळू बदलत गेला. शिपायांऐवजी वस्तीतील वजनदार माणसांना बरोबर घेण्याचा विचार पुढे आला. प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केली होती व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्या महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. हुबळी-धारवाडकडे १८९८ साली हजारोंनी ती घेतली, आणि तेथे बेलीफ वा बंदूक लागली नाही. मुंबईत विशीतल्या आगाखानांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला, आणि खोजा जमात लसीला बिचकते असे पाहून सर्वांसमक्ष, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा, स्वतःच्या दंडावर ती टोचून घेतली. मग जमातीचे हजारो लोक आपली मुलेबाळे घेऊन पुढे आले. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात हलली, आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.